प्याद्यांचे पाटकरी

रविवारी सकाळी बारामतीत पाठीवर सॅक, काखेत गुंडाळलेल्या पटांची भेंडोळी आणि हातात खुळखुळणारी पिशवी घेतलेला गृहस्थ दिसला, तर त्याला प्लंबर समजून नळाची तक्रार सांगू नये. ते बुद्धिबळाचे सर असतात. सकाळचा वर्ग बारामतीत, दुपारचा इंदापुरात. मधला काटेवाडी, लासुर्णे, निमगाव केतकीचा प्रवास एसटीने. शिष्यगण पहिली ते चौथीचा, आणि त्यातल्या निम्म्यांचा पहिला प्रश्न, ‘सर, डबा कधी खायचा?’

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला. तेव्हापासून पालक फीची घासाघीस नंतर करतात. आधी विचारतात, ‘ओपनिंग कधी घेणार?’ घोडा अडीच घरं जातो तर अर्धं घर नेमकं कुठलं, यावर पोरात आणि शेजारच्यात अजून हाणामारी चालू असते. पण शेजाऱ्यांच्या मुलाचं ‘सिसिलियन’ झालं म्हटल्यावर आपलं मागे कसं राहणार?

सर नाइलाजाने ओपनिंग घेतात. राजासमोरचं प्यादं दोन घरं, घोडा बाहेर, उंट सी-४ वर, झालं इटालियन. तोच उंट एक घर पुढे बी-५ वर नेला की रुय लोपेझ. पोरं हे पाढ्यासारखं म्हणतात आणि समोरच्याने तिसरीच चाल केली की पाढा विसरल्यासारखी छताकडे बघतात. एकदा सरांनी उत्साहाच्या भरात सांगून टाकलं की रुय लोपेझ हा स्पेनचा पाद्री. त्याने १५६१ मध्ये बुद्धिबळावर पुस्तक लिहिलं आणि त्यात सल्ला दिला, पट असा मांडा की ऊन समोरच्याच्या डोळ्यांवर येईल. झालं! दिवस एप्रिलचे, ऊन बारामतीचं. पुढची वीस मिनिटं अख्खा वर्ग टेबलं फिरवत होता. त्या ओपनिंगमधलं तेवढंच सगळ्यांच्या कायमचं लक्षात राहिलं.

सरांची खरी परीक्षा मात्र प्यादी घेतात.

‘सर, ह्यानं माझं प्यादं चोरलं! शेजारच्या घरात गेला आन् माझं उचललं!’ असा टाहो कानी आला की समजावं, वर्गात ‘आँ पासाँ’ शिरलं. हे नाव सर एकदाच उच्चारतात. त्याला पोरं जांभई समजतात. मग सर कालव्यावर येतात. नीरा डाव्या कालव्याच्या टापूतल्या पोराला पाण्याची बारी वेगळी शिकवावी लागत नाही. ‘तुझं प्यादं पाचव्या ओळीत पोचलंय. समोरच्यानं शेजारच्या पट्टीतलं प्यादं पहिल्याच उडीत दोन घरं टाकून तुझ्या बगलेला आणलं. एकच घर आलं असतं तर तू तिरकं मारलं असतंस ना? मग आताही तसंच मार. पण लगेच, पुढच्याच चालीला. बारी आली तेव्हा दारं धरली नाहीत तर नंतर पाटकरी पाणी देतो का?’ पोरं एका सुरात ‘नाऽऽही’ म्हणतात. मागच्या बाकावरून एक आवाज येतो, ‘माझे मामा घेतात की. रात्रीचं.’ सर तो मुद्दा चर्चेला घेत नाहीत.

नातीला सोडायला आलेले आजोबा दाराशी रेंगाळलेले असतात. ‘आमच्या वेळी प्यादं एकच घर चालायचं,’ ते ऐकवतात. सर लगेच मान डोलावतात, कारण आजोबा बरोबर असतात. देशी खेळात एकच घर होतं. युरोपात डाव लवकर रंगावा म्हणून दोन घरांची मुभा आली. तिचा फायदा घेऊन प्यादी शेजाऱ्याला चुकवून पळू लागली, म्हणून हा मारण्याचा नियम. तो मान्य करायला इटलीने १८८० साल उजाडू दिलं. सरांना आता चेव येतो. देशी नियमांवर वाढलेला मीर सुलतान खान विलायतेला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं घेऊन बसला. कापाब्लांकाला हरवलं. ओपनिंगचा त्याचा अभ्यास म्हणाल तर बेताचाच!

आजोबा शांतपणे विचारतात, ‘मग ओपनिंगची फी परत मिळंल का?’

इंदापुरात दुपारी वेगळीच तऱ्हा. तिथे प्रत्येकाला शेवटच्या ओळीत पोचून वजीर करायचा असतो. हत्ती, उंट, घोडाही घेता येतो हे सर सांगतात, पण सरपंच व्हायला मिळत असताना शिपाई कोण होईल? एक पोरगी तीन वजीर करते, समोरच्या एकट्या राजाला असं कोंडते की त्याला शह नाही आणि हलायला जागाही नाही, आणि डाव बरोबरीत सुटल्यावर भोकाड पसरते.

शिवाय डब्यात प्रत्येक रंगाचा वजीर एकच. पोरं उलटा हत्ती ठेवतात आणि सरांचा चेहरा पडतो. २०१७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेचा निर्णायक डाव चालू होता. नोरित्सिनला वजीर करायचा होता, पण मारलेला वजीर प्रतिस्पर्धी सांबुएवच्या मुठीत. सापडेना म्हणून त्याने उलटा हत्ती ठेवला. पंच म्हणाले, हा हत्तीच. डावही गेला, अजिंक्यपदही. ही गोष्ट सर इतक्या कळवळून सांगतात की कॅनडात त्यांचा सख्खा भाऊ हरला असावा.

तेव्हापासून सर जादा वजीर खिशात बाळगतात. दोन पांढरे, दोन काळे. शर्ट धुवायला टाकताना घरच्यांचा खिसे तपासायचा नियमच झाला आहे.

संध्याकाळी इंदापूर स्थानकातून गाडी सुटते. कंडक्टर येतात, ‘सुट्टे द्या’ म्हणतात. सर डाव्या खिशात हात घालतात, मूठ भरून काढतात आणि न बघताच पुढे करतात.

कंडक्टर तळहातावरचा काळा वजीर उलटसुलट करून बघतात. ‘सर,’ ते म्हणतात, ‘एवढ्या मोठ्याचे सुट्टे नाहीत बघा माझ्याकडं.’