भिगवणचं केळवण

आमच्या घराण्यात पशुपक्ष्यांचे फोटो काढण्याची जुनी परंपरा आहे, आणि त्या फोटोंत पशुपक्षी न दिसण्याची परंपरा तितकीच जुनी. वडिलांकडे अ‍ॅग्फाचा ‘क्लिक थ्री’ होता. एका रोलात बारा फोटो, त्यामुळे प्रत्येक फोटोआधी घरात बैठक भरे. कर्नाळ्याच्या अभयारण्यात आईला एका झाडाखाली उभं करून काढलेला फोटो अजून अल्बममध्ये आहे. खाली वडिलांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘वरच्या फांदीवर तांबट’. फांदी दिसते. आई दिसते, डोळे मिटलेली. फांदीवर एक ठिपका आहे. तो तांबट की फोटो धुताना पडलेला डाग, यावर दर दिवाळीत फराळ संपेपर्यंत वाद चालतो.

यंदा पुतणीचं लग्न ठरलं आणि केळवणांची रांग लागली. आमच्याकडचं कधी करायचं ते ठरेना, तेवढ्यात पुतणीने जाहीर केलं की त्यांचं प्री-वेडिंग शूट फेब्रुवारीत भिगवणला आहे, फ्लेमिंगोंबरोबर. फ्लेमिंगोंना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मी गिळला. वहिनी म्हणाल्या, “मग केळवणही तिथंच उरकू या. गाडीचा खर्च एकदाच.” या युक्तिवादापुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही. मी पक्षी बघत हिंडतो म्हणून व्यवस्था माझ्याकडे आली. म्हणजे सगळ्यांना पहाटे उठवण्याचं पाप माझं आणि बाकीचे अधिकार आत्याचे.

भिगवण पुण्याहून सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि पाणी मागे पार इथवर पसरलं. गावं उठली, शेतं बुडाली. पळसदेवचं जुनं देऊळ अजूनही पाणी फारच उतरलं की उन्हाळ्यात वर येतं आणि लोक ते बघायला गर्दी करतात. माणसं उठली तिथे पक्षी वसले. पाणी ओसरू लागलं की काठाचा उथळ चिखल उघडा पडतो, त्यात रोहित पक्षी जेवायला उतरतात आणि त्यांना बघायला पुणेकर. रोहित म्हणजेच फ्लेमिंगो. इथल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतली तरुण मुलं आता होड्या फिरवतात आणि दुर्बिणीशिवाय असे पक्षी ओळखतात की शहरातल्या जाणकारांनी पुस्तक मिटून ठेवावं.

काठावर पोचलो तेव्हा अजून फटफटायचं होतं. फोटोग्राफर आधीच हजर. गळ्यात दोन कॅमेरे, सोबत एक मदतनीस, आणि मदतनिसाच्या हातात परातीएवढा चंदेरी रिफ्लेक्टर. गाडीतून पुतणी उतरली. नंतर बराच वेळ तिचा झगा उतरत होता. रंग गुलाबी, ‘फ्लेमिंगोला मॅचिंग’. घोळ एवढा, की वधूवरांच्या होडीत झगा, वधू, वर आणि उरलेल्या जागेत फोटोग्राफर असा क्रम लागला. आत्या हट्टाने त्याच होडीत बसली. मीही तिथेच, कारण लांब लेन्स माझ्याकडे होती. दादा, वहिनी, आजी आणि विहीणबाई मागच्या होडीत.

“मावशी, मधी बसा. नाव एका अंगाला जातीया,” नावाडी म्हणाला.

आत्या मधे सरकली, म्हणजे नेमकी माझ्या लेन्सपुढे. ती शेवटपर्यंत तिथेच होती.

फोटोग्राफरने पिशवीतून ड्रोन काढला. नावाड्याने नुसती मान हलवली. मग त्याने रंगीत धुराच्या नळकांड्या काढल्या. नावाडी म्हणाला, “साहेब, धूर केला तर पाखरं उठत्याल आनि उद्याच्याला माझं गिऱ्हाईक बी.” पर्यावरण रक्षणावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. इतकं थोडक्यात आणि इतकं परिणामकारक कुणीच बोललं नव्हतं.

वाटेत नावाडी ओळखी करून देत होता. चित्रबलाक, राखी बगळे, शराटी. पट्टकादंबांचा थवा दिसला. हे हंस तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, हे मी सांगितलं तेव्हा आत्याने पायातला मोजा वर ओढला. काळ्या अंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले पक्षी पाण्यात डुंबत होते. “ह्ये वारकरी,” नावाडी म्हणाला. मागच्या होडीतून विहीणबाईंनी, त्या माळकरी असल्याने, तत्काळ हात जोडले. हे पाणी पुढे पंढरपूरलाच जातं, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे एका होडीतली मंडळी कुरवांना मूठमूठ शेव उधळत होती. कुरव हवेतच झेलत होते, मुलं टाळ्या पिटत होती, मोबाइल वर गेलेले. मासे खाणाऱ्या पक्ष्यांना तळलेलं बेसन घालणं हा पुण्याचा कुठला प्रकार आहे मला समजत नाही. वहिनींचा हात चिवड्याच्या डब्याकडे गेलेला मी पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्या भावजयीला डोळे दाखवले.

मग रोहित दिसले. लांबवर गुलाबी-पांढरी ओळ. नावाड्याने इंजिन बंद करून बांबू टेकत होडी सरकवायला सुरुवात केली. माना खाली, चोची उलट्या करून ते चिखलपाणी गाळत होते.

“हे सायबेरियातून येतात,” आत्याने घोषणा केली.

“नाही आत्या. यांची वसाहत कच्छच्या रणात.”

“म्हणजे गुजरातचे?” आत्याचा विरस झाला. मागून विहीणबाईंनी विचारलं, “म्हणजे शाकाहारी असतील ना हो?” शेवाळ खातात, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. बारीक कोळंबीसारखे जीवही खातात आणि तो गुलाबी रंग या खाण्यातूनच येतो, पिल्लं तर करड्या रंगाची असतात, हे मी सांगितल्यावर त्यांनी उरलेला वेळ वारकऱ्यांकडे बघण्यात घालवला.

इकडे शूट सुरू झालं होतं. “मॅम, चिन अप. सर, जरा हरवल्यासारखं बघा.” हरवल्यासारखं बघायला होणाऱ्या जावयांना काहीच कष्ट पडले नाहीत, आई मागच्याच होडीत होती. “सर, त्यांच्यासारखं एका पायावर उभे राहता?” फोटोग्राफरने सुचवलं. रोहिताचा एका पायावरचा तोल हाडासांध्यांच्या बैठकीवरच सांभाळला जातो, स्नायूंना फारसं राबावं लागत नाही. जावई हिशेबनीस आहेत. त्यांचं सगळंच राबत होतं.

आणि त्याच वेळी समोर खरी गंमत चालली होती. विणीच्या हंगामाआधी रोहितांचा थवाच्या थवा नाचतो. सगळे माना ताठ उंच करतात, डोकी डावी-उजवीकडे झटक्याने फिरवतात, मधेच पंख उघडून मिटतात, मग गर्दी करून एका दिशेने झपझप चालत जातात आणि एकदम वळतात. जोडीदार निवडण्याचा हा त्यांचा रिवाज. कुणी ‘चिन अप’ सांगत नव्हतं, कुणाच्या झग्याला मॅचिंग लागत नव्हतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला. चौकटीत आत्याची काश्मिरी शाल होती, अत्यंत सुस्पष्ट, विणीतला टाका न् टाका दिसेल अशी.

तेवढ्यात वारा सुटला. रिफ्लेक्टरने वारा धरला, मदतनिसाने रिफ्लेक्टर सोडला नाही, आणि दोघेही पाण्यात गेले. आजी ओरडली, वहिनी ओरडल्या, फोटोग्राफर “लाइट गेला!” म्हणून ओरडला. नावाडी शांत. “गुडघाभर हाय. हुबं ऱ्हा.” मदतनीस उभा राहिला. मांडीपर्यंत चिखल आणि डोक्यावर चंदेरी परात, असं ते ध्यान पाहून मात्र रोहितांचा धीर सुटला. त्यांना जागच्या जागी उडता येत नाही. पाण्यावरून पळत, पाय आपटत ते वेग घेतात. शेकडो पाय पळाले आणि मग पंखांच्या आतला तो लालभडक आणि काळा रंग एकदम उघडला. होडीत कुणालाच बोलायला सुचेना. आत्याही गप्प होती, त्यावरून काय ते समजा.

केळवण नावाड्याच्या अंगणात झालं. त्याच्या आईने सारवून ठेवलं होतं. वहिनींनी केळीची पानं, श्रीखंड, अळूची भाजी घरूनच आणलेली. पानाभोवती रांगोळी, औक्षण, पुतणीची ओटी, सगळं रीतसर. शेजारच्या पंगतीत मात्र पुण्याहून आलेल्या दुसऱ्या गटासाठी चिलापी तळली जात होती, आणि तो वास रांगोळी ओलांडून थेट पानात उतरत होता. विहीणबाई नाकाला पदर लावून श्रीखंड खात होत्या. जावई आणि दादा “जरा हात धुऊन येतो” म्हणून उठले आणि फार वेळ हात धूत राहिले.

लग्नाआधी आठवडाभर शूटचा अल्बम आला. जाडजूड, मखमली खोक्यात. पुतणी सुंदर दिसते, जावई हरवलेले दिसतात, झगा पानभर पसरलाय. फ्लेमिंगो एकही नाही. मी फोटोग्राफरला फोन लावला. तो म्हणाला, “सर, बॅकग्राउंडला पिंक पिंक डिस्टर्बन्स होता, तो क्लीन केला.” आणि नुसतं पाणी ओकंबोकं दिसू नये म्हणून मागे बर्फाचे डोंगर आणि राजहंसाची एक परदेशी जोडी टाकली होती, त्याच पैशात. वडिलांच्या क्लिक थ्रीने निदान ठिपका तरी ठेवला होता.

पक्षी दिसतात ते फक्त आत्याच्या मोबाइलवरच्या एका फोटोत. एका कोपऱ्यात तिचं बोट, दुसऱ्या कोपऱ्यात परात, मधे उडालेला अख्खा थवा. आत्याने तो नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपांवर पाठवला. मजकूर: ‘सायबेरियाचे पाहुणे, केळवणाला हजर’.

तुम्हाला भिगवणला जायचं असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये जा, उजाडायच्या आत काठावर पोचा, मातकट रंगाचे कपडे घाला, शेव गाडीतच ठेवा आणि नावाडी सांगेल ते ऐका. लग्न ठरलेलं कुणी घरात असेल तर त्याला लग्न झाल्यावर न्या. आणि आत्या असेल तर तिला होडीत सर्वांत मागे बसवा.