मथुरेच्या वाटेवरची बँक

मे २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ परिषद भरली आणि आपल्याला कळलं, की नाच, गाणी, गोष्टी हे सगळं म्हणजे ‘ऑरेंज इकॉनॉमी’. हा शब्द रूढ केला तो कोलंबियाच्या फेलिपे बुइत्रागो आणि इव्हान दुके यांच्या २०१३ च्या पुस्तकानं. दुके पुढं राष्ट्राध्यक्षही झाले. (आपल्याकडं पुस्तक लिहिणारा फार तर साहित्य संमेलनाच्या मांडवापर्यंत पोचतो.) संत्र्यावर चालणारी अर्थव्यवस्था आमच्या गावांना नवी नाही, देशीच्या दुकानात ती बाटलीतून मिळते. पण शेजारच्या तंबूत रात्री जे चालतं तेही त्यातच धरतात म्हटल्यावर आमचे आबा हरखले.

आबा तमाशाचे फडमालक. सव्वाशे माणसं, चार ट्रक, तंबू, जनरेटर. दसऱ्याला निघायचं आणि जत्रा संपेस्तोवर रोज नवा मुक्काम. कलावंतांची उचल सावकाराच्या पैशातून. २०२० चा पाडवा आला २५ मार्चला. नारायणगावच्या राहुट्यांत सुपाऱ्या ठरायचे ते ऐन दिवस, आणि त्याच दिवशी देशाला कुलूप लागलं. सावकाराच्या व्याजाला मात्र लागलं नाही.

तर या ऑरेंज इकॉनॉमीच्या भरवशावर आबा कर्ज मागायला बँकेत गेले. मीही सोबत, इस्त्रीचा सदरा घालून.

“धंद्याचा पत्ता?”

“आज ओतूर. उद्याचं गाव फलकावर लिहिलंय.”

“माल काय?”

“वग.”

“शिल्लक माल?”

“पहाटे संपतो, साहेब.”

साहेबांनी पीएम विश्वकर्मा योजनेची यादी काढली. पाच टक्के व्याज, आधी एक लाख, मग दोन. व्यवसाय १८. त्यात न्हावी, शिंपी, हार करणारे, बाहुल्या बनवणारे. ढोलकी वाजवणारा नाही. बाहुली घडवली तर कारागीर, बाई स्वतः नाचली तर रकानाच नाही. “तुमच्यात कुणी शिंपी आहे का?” साहेबांनी आशेनं विचारलं. “असला तर त्याचं बघू.”

मग दिलासा म्हणून ते म्हणाले, “पन्नाशी झालीय ना? मानधनाला अर्ज करा. महिना ५,००० मिळतात.”

“मानधन म्हातारपणी बघू, साहेब. मला पाचवा ट्रक घ्यायचाय.”

सरकारला कलावंत दोनदाच दिसतो: बाविशीत स्टार्टअप म्हणून आणि पन्नाशीनंतर वयोवृद्ध म्हणून. मधल्या काळात त्याचा धंदा वाढत असतो, आणि वाढता धंदा फक्त सावकाराला ओळखू येतो.

खरं तर तमाशानं हे कधीच सांगून ठेवलंय. गवळणी दही-दूध घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात. वाटेत कृष्ण-पेंद्या आडवे. कोण तुम्ही, कुठल्या, आमचं दान ठेवा. मावशी हुज्जत घालते. लघुउद्योगाचं इतकं चोख वर्णन मी अजून कुठल्या अहवालात वाचलेलं नाही. फरक एवढाच, की फडात गवळण संपून वग उभा राहतो. बँकेत मावशीचं काम आबांनाच करावं लागलं आणि जेवणाची सुट्टी झाली.

उठता उठता साहेबांनी आवाज खाली आणला. “आबा, चैत्रात आमच्या गावची जत्रा आहे. मी कमिटीत आहे. तारीख धरून ठेवा. सुपारीचं मात्र जत्रा झाल्यावर, वर्गणी जमली की…”

आबांनी टेबलावरचा कर्जाचा कोरा फॉर्म उलटा फिरवला आणि साहेबांच्या पुढ्यात सरकवला.

“तेवढं तारण काय ते लिहा.”