जावा विकणे आहे

हौसेने दुरुस्त करून घेतलेले जुने वाहन विकावयास काढणारा मनुष्य पैशांच्या अपेक्षेने जाहिरात देतो, असा जो सार्वत्रिक समज आहे, तो निराधार होय. ज्याला पैशांची खरोखर निकड असते तो सोने विकतो, जमीन विकतो, प्रसंगी मुकाट्याने नोकरीही करतो. परंतु जे यंत्र घेताना, उघडताना, जोडताना आणि सजवताना किती रक्कम खर्ची पडली याचा हिशेब ज्याने स्वतःपासूनही दडवून ठेवलेला असतो, तो ते यंत्र बाजारात आणतो तेव्हा त्याचा हेतू निराळाच असतो. त्याला झालेल्या खर्चास कार्योत्तर मंजुरी हवी असते. कोणी तरी परका मनुष्य यावा, त्याने वाहनास एक प्रदक्षिणा घालावी आणि सांगितलेली किंमत भुवई न उंचावता देऊन टाकावी, म्हणजे घरच्या मंडळींनी इतकी वर्षे नोंदवून ठेवलेले आक्षेप आपोआप निकाली निघतील, एवढीच त्याची दरखास्त असते. निदान माझी होती.

वाहन होते म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६८ साली घडलेले, २५० सीसीचे. ज्यांच्या तारुण्यात मोटारसायकली बटण दाबताच सुरू होऊ लागल्या होत्या, त्यांच्या माहितीसाठी सांगितले पाहिजे की, जावा हा काटकसर आणि उधळपट्टी यांचा अपूर्व संगम आहे. गिअर आणि किक या दोन कामांसाठी तिच्या निर्मात्यांनी एकच दांडा पुरेसा मानला: तो आत दाबून वर उभा केला की किक होते, आणि इंजिन सुरू झाल्यावर पूर्वस्थितीस आणला की गिअर होतो, शिवाय त्या दांड्यावर पायाचा भार पडताच क्लच आपोआप सुटत असल्यामुळे हातातला क्लच चालत्या गाडीत केवळ शिष्टाचार म्हणून ओढावयाचा. याउलट सिलिंडर एकच असताना सायलेन्सर मात्र दोन, डाव्या आणि उजव्या बाजूंस समान न्याय देणारे. किल्लीच्या बाबतीत तर निर्मात्यांचा मानवजातीवरील विश्वास इतका गाढ होता की, ती हरवली असता एखादा बेताचा खिळाही तिची कामगिरी चोख बजावतो, अशी तिची ख्याती आहे.

एका पडक्या वाड्याच्या जिन्याखालून मी तिची सुटका केली तेव्हा ती मोटारसायकल असल्याचा भरवसा तिच्या नोंदणीपुस्तकावरूनच धरावा लागत होता. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. त्या दोन वारांना माझ्या पंचांगात एकादशीहून अधिक माहात्म्य प्राप्त झाले. हेडलाइटची रिंग, टाकीला गुडघे टेकण्याचे रबर, कार्बोरेटरचा फ्लोट, स्पोकच्या जुड्या अशी एकेक वस्तू कुलपे, पितळी पातेली आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या राशींतून शोधून मी मिस्तरींच्या हवाली करीत असे आणि मिस्तरी ती उजेडात धरून, "साहेब, ही येझदीची आहे," असे म्हणून परत करीत असत. १९७३ पासून त्याच कारखान्याची वाहने येझदी या नावाने निघू लागली, आणि दोहोंचे सुटे भाग दुरून सख्खे व जवळून सावत्र दिसतात, हे ज्ञान मला अशा रीतीने हप्त्याहप्त्याने झाले.

येथवर मी सनातनी होतो. पुढे सुधारक झालो. मूळच्या ६ व्होल्टच्या दिव्याने समोरचा रस्ता दिसत नसे, फक्त दिवा असल्याचे समजत असे. म्हणून १२ व्होल्टची व्यवस्था करविली. दोघांची लांब सीट काढून तपकिरी चामड्याची, खाली दोन स्प्रिंगा असलेली, एकट्याची सीट बसविली, कारण मागे बसावयास घरातून कोणीही राजी नव्हते. हँडल बदलले, आणि मरून रंगाच्या जागी गडद हिरवा चढवून त्या बदलाची नोंद परिवहन कार्यालयात रीतसर करून घेतली. काढलेला ऐवज एका गोणीत भरून माळ्यावर टाकला आणि जाहिरात दिली.

पहिले आले ते तज्ज्ञ. या गृहस्थांनी चहास नकार दिला, खिशातून विजेरी काढली आणि वाहनाच्या पोटाखाली अशा काही गांभीर्याने उताणे झाले की, शेजारच्या खिडकीतून "फार लागलंय का हो?" अशी पृच्छा झाली. बाहेर येऊन त्यांनी हिरवा रंग, हँडल, सीट आणि दिवा यांवर क्रमाने दोषारोप ठेवले. मी बचावादाखल इतिहासात शिरलो. म्हटले, हे वाहन चेकोस्लोव्हाकियातले. यानेचेक नामक एका शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराने १९२९ साली एका जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा धंदा घेऊन ते सुरू केले. पुढे मुंबईच्या इराणी मंडळींनी त्याचा परवाना मिळवून १९६१ च्या सुमारास म्हैसुरात उत्पादन मांडले. ज्याच्या प्रत्येक पिढीत प्रांत, भाषा आणि धनी बदलले त्याचे मूळ रूप कोणते म्हणावयाचे? "पार्ट्स-बुकात आहे ते," असे ते म्हणाले. श्रुतिप्रामाण्यापुढे युक्तिवाद चालत नाही हे आपल्याकडे फार पूर्वीच ठरलेले असल्यामुळे मी त्यांना फाटकापर्यंत पोचविले.

दुसरा आला तो एक उमदा तरुण. त्याने आल्याबरोबर "काका, ॲव्हरेज किती देते?" हा प्रश्न विचारला. पेट्रोलमध्ये तेल मिसळून पिणाऱ्या आणि त्यातला काही भाग धूररूपाने समाजास परत करणाऱ्या यंत्राविषयी हा प्रश्न अप्रशस्त होय, असे मी त्यास सौम्य शब्दांत सुचविले. त्याला सीट अतोनात आवडली. तिच्यावर बसून त्याने स्वतःची पुष्कळ छायाचित्रे काढून घेतली, आणि नंतर पुढे डिस्क ब्रेक, मागे जाड टायर व मोबाइलच्या चार्जिंगची सोय होईल काय, याची चौकशी केली. तज्ज्ञांच्या लेखी मी धर्मबुडवा ठरलो होतो. या तरुणाच्या लेखी कर्मठ ठरलो. किमतीचा विषय दोघांनीही काढला नाही, कारण दोघांच्याही मते विक्रीस ठेवण्याजोगे वाहन अद्याप तयारच झालेले नव्हते.

तिसरे एक वृद्ध गृहस्थ, मुलाच्या मोटारीतून उतरलेले. त्यांनी काहीही तपासले नाही. "जरा चालू करता?" एवढेच म्हणाले. मी किक मारली, दोन्ही सायलेन्सरांनी आपला तो ठेका धरला, आणि गृहस्थ निळसर धुरात उभे राहून, "हाच! अगदी हाच!" असे म्हणत खोल श्वास घेऊ लागले. नंतर त्यांनी साताऱ्याची बदली, खंबाटकीचा घाट आणि पहिला मुलगा झाल्याची तार या विषयांवर दीड तास भाषण केले, दोन वेळा चहा घेतला, किंमत अत्यंत वाजवी असल्याचा निर्वाळा दिला आणि मोटारीत बसून निघून गेले. मंजुरी मिळाली, पण तिच्यासोबत रक्कम वर्ग झाली नाही. शासकीय कामकाजाशी परिचय असलेल्यांना यात नवल वाटू नये.

मधल्या काळात एका हितचिंतकाने सल्ला दिला की, केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांन्वये ५० वर्षांवरील वाहनाची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करून घ्यावी, म्हणजे भाव चढेल. मी नियम वाचले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, ते एक वेळ सोसले असते. परंतु वाहन मूळ स्वरूपात असावे, चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, हे पहिले कलम. आणि असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणावे, हे दुसरे. म्हणजे मंडईतून मेथीची जुडी आणावयाची झाल्यास ते तांत्रिक संशोधन असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर येणार. मी दर पाच वर्षांनी होणाऱ्या साध्या नूतनीकरणावरच समाधान मानले.

अखेरीस ग्राहक मिळाला तो अनपेक्षित दिशेने. पहिले तज्ज्ञच पुन्हा आले. या खेपेस त्यांनी चहा घेतला आणि खाली मान घालून विचारले, "काढलेलं सामान टाकून तर नाही ना दिलंत?" मी माळ्यावरून गोण उतरविली. तिच्यातून मूळ हँडल, लांब सीटचा पत्रा, ६ व्होल्टचा डायनॅमो अशा एकेक गंजलेल्या वस्तू बाहेर येऊ लागल्या तसतसा त्यांचा चेहरा उजळत गेला, आणि जे गृहस्थ चालत्या, धुतल्या-पुसल्या वाहनास एक पैसा द्यावयास तयार नव्हते, त्यांनी गोणीसह असल्यास सांगितलेली पूर्ण किंमत मान्य केली. ज्या वस्तू काढून टाकण्यासाठी मी मजुरी मोजली होती, त्यांच्याच जोरावर माझे वाहन खपले.

पुढचे काम सरळ होते. नमुना २९ आणि नमुना ३० भरले, चेसिसच्या क्रमांकाचा पेन्सिलीने कागदावर ठसा उतरविला आणि दोघे मिळून परिवहन कार्यालयात गेलो. तेथील कारकुनांनी ठसा आणि क्रमांक ताडून पाहिले, विम्याची मुदत पाहिली आणि वाहनाच्या सौंदर्यासंबंधी अवाक्षर न काढता शिक्का मारला. नव्या मालकांनी त्याच खिडकीवर पुनश्च मरून रंग नोंदविण्याचा अर्ज कसा करावा याची विचारणा केली.

माझी सुधारणा त्यानंतर महिन्याभरात संपूर्णपणे रद्दबातल झाली. हिरवा रंग खरवडला गेला. हँडल कोठे गेले ते कळले नाही. तपकिरी सीट मात्र त्या उमद्या तरुणाने विकत घेऊन आपल्या कोऱ्या मोटारसायकलीवर, ती जुनी दिसावी म्हणून, बसवून घेतली. मी केलेली जोडणी, तज्ज्ञांनी करविलेली मोडणी आणि तरुणाची ही सजावट, ही तिन्ही कामे एकाच मिस्तरींकडे झाली व तिन्हींची मजुरी त्यांनी समबुद्धीने घेतली. यातले खरे रूप कोणते, असे मी त्यांना एकदा विचारले, तेव्हा हात पुसता पुसता ते म्हणाले, "साहेब, पुस्तकावर ज्याचं नाव, त्याचा रंग खरा." एवढे बोलून त्यांनी गॅरेजला कुलूप लावले, पायजम्याला चाप लावला आणि सायकलवर टांग टाकून ते घरी गेले.