गच्चीवरचे विश्व: भोपाळच्या मिसरोदमधल्या नवशिक्यांसाठी

साहित्य: एक गच्ची, एक डबल बेडची चादर, टोकं धरायला घरातलं एक नाखूश माणूस. वेळ: एका फेरीला 50 अब्ज वर्षे. तेव्हा गॅसवर दूध ठेवून सुरुवात करू नये. हा आकडा आमच्या मनचा नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी खगोलशास्त्रज्ञ हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत 1993 साली मांडलेल्या विश्वाचा आहे. ते फुगतं, आकसतं, पण शून्य कधीच होत नाही.

आधी चादर हळूहळू ताणा. काही होणार नाही. आता हिसका द्या. धूळ उडाली? पोकळीत काहीही नसताना विश्व झपाट्याने ताणलं गेलं तर कण जन्मतात, हे लेनर्ड पार्करने 1960च्या दशकात गणिताने दाखवलं. (धूळ चादरीत आधीपासून होती, कण मात्र नव्हते, उपमा इथे फाटते, चादर फाडू नका.) नारळीकरांच्या दुकानात कण उधारीवर मिळतो: जेवढं द्रव्य घडलं, तेवढी ऋण ऊर्जा सी-क्षेत्र नावाच्या खात्यावर. आणि हेच क्षेत्र आकसणाऱ्या विश्वाला पुन्हा बाहेर ढकलतं.

आता चादरीची घडी घाला, घडीवर घडी. पार बिंदू करायला जाल तर फसाल. शिरपूरचे भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर सांगतात की क्षेत्रफळाची गुंठेवारी एका हद्दीपलीकडे होतच नाही. 2006 साली त्यांनी पावलॉव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्यासोबत हिशोब केला: घन सेंटिमीटरमागे ग्रॅम मोजता मोजता आकड्यावर 93 शून्यं चढली, की गुरुत्वाकर्षणच उलटं वागतं आणि विश्व उसळी घेतं. तुमची चादर त्याआधीच दमेल.

दोन फेऱ्यांमध्ये झाडून घ्यावं म्हणाल, तर ते जमणार नाही. आपल्या रस्त्याचंच बघा: मिसरोद ते बैरागड 24 किलोमीटरची बसची वेगळी मार्गिका 2013 साली सुरू झाली, 2024 मध्ये उखडायला घेतली. रस्ता पुन्हा पूर्वीसारखा? हो, पण मलबा (पुणेकरांनी राडारोडा वाचावं) कुठेतरी पडतोच. विश्वाच्या मलब्याला एन्ट्रॉपी म्हणतात. हिसक्यातून जन्मलेले कण त्यात भरच घालतात. ती साचत जाते म्हणून प्रत्येक फेरी आधीपेक्षा मोठी, असं भौतिकशास्त्रज्ञ टॉलमन 1930च्या दशकातच बजावून गेला.

कृती फसली तर खट्टू होऊ नये. नारळीकरांची कृतीही बहुतेक खगोलशास्त्रज्ञांच्या गळी उतरली नाही, तरी ते शेवटपर्यंत भांडत राहिले. चादर पुन्हा झटका. फक्त शेजारच्या काकूंचे पापड वाळत असतील, तर वारा कुठला आहे ते आधी बघा.