सहाची चार झाली हो!

ऐकलं का? विकली. अहो, आयशर विकली! नेवासे तालुक्यातल्या एका भरल्या घराने दारातली सहा टायरची आयशर विकली आणि तिच्या जागी चार टायरची पिकअप आणून उभी केली. वर हार घातला, नारळ फोडला, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि गावभर पेढे वाटले. पेढे! लोकांनी ते खाल्ले आणि घरी जाताना एकमेकांना विचारलं, आता अभिनंदन करायचं का समजूत घालायची?

पहिल्या दिवशी ठरलं की कर्ज झालंय. दुसऱ्या दिवशी कर्जाचं कारणही सापडलं: थोरल्याचा पोरगा मोबाइलवर काहीतरी खेळतो. तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सचिवाने सांगितलं की यांच्याकडे बाकी शून्य आहे. मग धाकट्या सुनेने वाटणी मागितली असणार! तिच्या माहेरचे येऊन म्हणाले, आमच्या पोरीने तोंडसुद्धा उघडलेलं नाही. तेव्हा एका जाणत्याने शास्त्र काढलं, की दक्षिणेकडे तोंड करून उभी राहणारी गाडी घरात टिकत नाही. खुद्द मालकाला विचारावं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. विचारलं असतं तर चर्चा तिथेच संपली असती, आणि एवढ्या थंडीत शेकोटीपाशी बसून मग करायचं काय?

हे एकच घर असतं तर पचवलं असतं. पण साथच आली आहे. शेवगाव रस्त्याला एकाच्या वस्तीवर बापाच्या काळातली टाटाची ४०७ होती, ती गेली आणि पिकअप आली. पारनेरच्या बाजूला मेथी-कोथिंबीर वाहणाऱ्याने पिकअपच काढून टाकली आणि छोटा हत्ती घेतला. राहात्याकडे डाळिंबाच्या बागेत बघावं तर पन्नास एचपीचा ट्रॅक्टर शेडमध्ये ताडपत्री पांघरून पडलाय आणि झाडांच्या ओळींमधून पंधरा एचपीचं पिल्लू फुरफुरत फिरतंय. घराण्याची अब्रू म्हणून काही राहिली आहे की नाही? पूर्वी स्थळ बघायला जाताना अंगणात गाडी दिसली की माणसं आधी टायर मोजायची. पोराचं शिक्षण नंतर.

आणि हे कुठे चाललंय? नगरमध्ये! जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण मोठ्या वस्तूची ओढ निजामशाहीपासूनची आहे. मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये इथे ओतली गेली. वजन पंचावन्न टन. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे, म्हणजे कुणीतरी ती इथून हलवली. शेकडो बैल आणि वर हत्तीही जुंपले होते असं सांगतात. पाच टनी गाड्यांत घालायची म्हटली तर अकरा गाड्या लागल्या असत्या, तेही तोफेचे तुकडे करून. पासिंग किती, असं विचारणारा आरटीओ तेव्हा नव्हता हे त्या बैलांचं दुर्दैव. पुढे लष्कराचं चिलखती दळाचं केंद्र इथे आलं, आणि १९९४ मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय उघडलं. शाळेच्या सहलीत ज्यांनी पॅटन आणि विजयंता बघितले, त्यांना पुढे आयुष्यभर बाकीच्या गाड्या किरकोळच वाटणार. त्यात भर उसाची. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून एकामागून एक धुराडी उभी राहिली, आणि हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर समोरून डुलत आला की रस्ता त्याचाच. असल्या मुलखात चार टायरवर येणं म्हणजे काय ते समजून घ्या.

आता कुणी म्हणेल, लुना पण नगरचीच की. खरं आहे, पण हे चारचौघांत बोलू नका, मोठेपणाच्या गप्पांची मजा जाते. फिरोदिया घराणं नगरचं. कुंदनमल फिरोदिया मुंबई विधानसभेचे सभापती. त्यांचे चिरंजीव नवलमल यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो काढली, आणि हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये लुना रस्त्यावर आणली. पन्नास सीसी, खाली पायडल. दोन बाजूंना दुधाच्या किटल्या, पुढे पोतं, मागे शाळेचं पोरगं. मालवाहतुकीची गाडी लहान असली तरी चालते हे नगरने देशाला तेव्हाच दाखवून दिलं होतं. आपण मात्र ते विसरून स्कॉर्पिओकडे बघत बसलो.

असो, मालकाकडे वळू. त्याने काय हिशेब मांडला ते त्याच्या ड्रायव्हरकडून बाहेर आलं, कारण नव्या गाडीबरोबर ड्रायव्हरचीही गरज उरली नाही आणि तो मोकळा होऊन टपरीवर बसला. तो सांगतो, आयशरची एकच वाईट खोड: ती भरेपर्यंत हलत नाही. पाच टनाचा हौदा. आजोबांचे वीस एकर, बापाच्या वाट्याला दहा, याच्या वाट्याला पाच, त्यातल्या दीड-दोन एकरांत कांदा. चाळीतून निवडून एका वेळी निघणार पंचवीस-तीस गोण्या. नाशिककडे मोकळा कांदा ट्रॉलीत ओततात. आपल्याकडे गोणीचा कारभार, पन्नास किलोच्या हिशेबाने तीस गोण्या म्हणजे दीड टन. उरलेला हौदा वारा भरून घोडेगावला न्यायचा का? मग फोनाफोनी. ‘तात्या, टाकता का चाळीस गोण्या?’ तात्या म्हणणार, उद्या भरतो, बायामाणसं मिळाली नाहीत. उद्या तात्या तयार, तर अण्णांच्या घरी दशक्रिया. परवा अण्णा तयार, तर आभाळ आलेलं.

आणि कांदा कुणासाठी थांबतो? २०२३ च्या ७ डिसेंबरला केंद्र सरकारने निर्यातबंदीचा आदेश काढला आणि दुसऱ्या दिवशी ती लागू झाली. त्या एका रात्रीत भाव कोसळले. ज्याची गाडी आदल्या दिवशी काट्यावरून उतरली होती त्याने पोराची फी भरली. ज्याची आयशर तात्यांच्या चाळीस गोण्यांची वाट बघत उभी होती, त्याने आदेश वाचला. ड्रायव्हर म्हणतो, मालकाने त्या रात्री गाडीच्या सहा टायरांना प्रत्येकी एकेक शिवी दिली आणि स्टेपनीला सातवी.

टायरांचं तर काय बोलायचं. सहा ते सहा, चार ते चार. पाटे, वंगण, ताडपत्री, क्लीनर, दर वर्षीचा विमा, सगळं त्याच मापाने. माल घेऊन वाशीला जाताना गाडी भरलेली, येताना माळशेज घाटातून रिकामी खडखडत यायची, कारण परतीचं भाडं मिळवायचं तर दोन दिवस तिकडेच पडून राहायला लागतं. पुण्याच्या वेशीवर मोठ्या गाडीला दिवसा प्रवेश नाही, मग पहाटेची वाट बघत रस्त्याच्या कडेला डासांच्या हवाली व्हायचं. पिकअप तेवढ्यात गुलटेकडीला उतरून चहा पिऊन परत निघते. कायद्यातही एक बारीक खिडकी आहे: एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. कंपन्यांना हा आकडा चांगला पाठ आहे. आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगून टाकलं, की हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. झालं! थोरल्याचा तोच मोबाइलवाला पोरगा स्टेअरिंगवर बसला. आता गाडी पळवतो, खेळायला वेळ नाही.

पिकअप कागदावर लहान, हेही तसं अर्धंच खरं. दीड टन पासिंगच्या गाडीत प्रत्यक्षात किती गोण्या चढतात हे इथे लिहून मी कुणाच्या पोटावर पाय आणणार नाही. फाळका लावायच्या ऐवजी दोरीने बांधलेला दिसला, आणि पुढची चाकं जमिनीला नुसती शिवून चाललेली दिसली, की समजून जायचं आणि ओव्हरटेक करायचं नाही.

संगमनेरच्या एका मावशींचा मुलगा टेक्सासला असतो. त्याच्याकडे फोर्डची एफ-१५० होती, लांबीला एकोणीस फूट, तिकडची पिकअप म्हणे. तीत तो आठवड्याची भाजी आणि मुलाची सायकल न्यायचा. गाडी गॅरेजात मावेना म्हणून त्याने मधल्या मापाची रेंजर घेतली. २०११ नंतर फोर्डने ती अमेरिकेत बंदच केली होती, २०१९ मध्ये पुन्हा आणली, आता बऱ्याच लोकांना मोठीपेक्षा तीच परवडते. मावशींनी फोनवर हळूच विचारलं, ‘नोकरीला काही झालं नाही ना रे?’ गंमत अशी, की त्या अगडबंब एफ-१५०च्या नेहमीच्या मॉडेलची ओझं वाहायची ताकद टनाच्या आसपास. आपली बोलेरो पिकअप, जिला बघून गाव हळहळतंय, सतराशे किलोंपर्यंत पासिंगला मिळते. ती डॅलसला नेऊन उभी केली तर तिकडच्यांनी कौतुक करावं.

लाज वाटायचीच तर दुसरीकडे बघून वाटायला हवी. मालाच्या गाड्या लहान होताहेत आणि माणसांच्या मोठ्या. कांद्याच्या पन्नास गोण्या चार टायरवर दाटीवाटीने जाणार, आणि बाजार समितीच्या निवडणुकीला उभा राहणारा एकटा गडी फॉर्च्युनरमधून, काचा वर, एसी चालू, मागची सीट रिकामी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला. मालवाहू गाड्यांवरचा अठ्ठावीसचा अठरा टक्के झाला, ट्रॅक्टरचा बाराचा पाच. चांगलंच झालं. पण मोठ्या एसयूव्हीवर उपकरासकट पन्नासच्या घरात जो बोजा होता तोही चाळीसवर आला. म्हणजे तिथेही पेढे! त्या पेढ्यांवर मात्र शेकोटीपाशी कुणी अवाक्षर काढलं नाही. फॉर्च्युनर कुणी विकली तर काढतील.

आता खरी पोटदुखी सांगते, कान इकडे करा. गावाला आयशरचं एवढं दुःख का? कारण ती आयशर त्या घराची कधी नव्हतीच. लग्नाची भांडी तिच्यात, मंडपाचे खांब तिच्यात. सप्ताहाचा शिधा, आषाढीला दिंडीच्या राहुट्या आणि गॅसच्या टाक्या, गणपतीची मूर्ती, शाळेची बाकं, मयताला जायची माणसं. ‘डिझेलचं नंतर बघू,’ असं म्हणून जो तो उतरायचा. ते नंतर कधी आलं नाही. मालकाचे वडील भिडस्त होते, त्यांचा जन्म त्यातच गेला. पोराने नवी गाडी घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मंडपवाला आला. पोरगा हसून म्हणाला, ‘काका, खांब बसायचे नाहीत हो. बारा फुटी आहेत ना?’ काका हौदा बघून गेले. पिकअपच्या जाहिरातीत मायलेज देतात, टॉर्क देतात, हौद्याची लांबी देतात. नाही म्हणायची सोय देतात हे कुठल्याच कंपनीने अजून छापलेलं नाही, आणि माझ्या मते निम्म्या गाड्या त्याच कारणाने खपताहेत.

तेव्हापासून ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच: माणसं बदलली, पूर्वीसारखी आपुलकी राहिली नाही. आपुलकी पाच टनी होती, आता दीड टनावर आली. काहींनी उपाय शोधलाय, खांब मधून कापून आणतात. त्यावर आता पारनेरवाल्याने म्हणे तोड काढली आहे, सरळ छोटा हत्ती. टाटांनी २००५ मध्ये ही गाडी आणली, नाव एस, पण त्या नावाने तिला आपल्याकडे कोण हाक मारतं? २०२५ च्या जूनमध्ये त्यातलंच एक आणखी धाकटं काढलं, एस प्रो, शोरूमची किंमत चार लाखांच्या आतून सुरू, पासिंग साडेसातशे किलो. पंधरा गोण्या. सोळावी मागायची कुणाची टाप नाही.

तेच धाकटं परवा वांबोरीच्या रस्त्याला दिसलं, आणि चालवत कोण होतं? पारनेरवाल्याची थोरली लेक! म्हणजे आता राहुरीची सून. लायसन काढलंय, भाडी मारते, काट्याची पावती स्वतः घेते, हमाली-तोलाई कापून पट्टी बरोबर आहे का ते अडत्यासमोर उभं राहून तपासते. डोक्यावरचा पदर ढळत नाही आणि गिअरही चुकत नाही. आमच्या शेकोटीवर त्या रात्री लाकडं कमी पडली. कलियुग झालं, नवऱ्याचं झालं, सासूचं झालं, बारा वाजले तरी कुणी उठेना.

तात्या मात्र लवकर उठले. सकाळी सहाला त्यांचा तिला फोन. ‘सूनबाई, घोडेगावला जाणार आहेस का गं उद्या? आमच्या दोनच गोण्या आहेत, कुठेही कोपऱ्यात मावतील.’

‘मावतील की तात्या,’ ती म्हणाली. ‘भाडं आधी टाका, नंबर हाच आहे.’