सबटायटल

विद्यापीठाच्या फिल्म क्लबच्या सेक्रेटरीला हॉस्टेलवर सगळे 'सबटायटल' म्हणतात. पडद्यावर काहीही चालू असो, खाली हा चालूच असतो.

त्याची दाढी राखलेली नाही, राहिलेली आहे. खांद्याला झोळी, झोळीत स्वतःची एचडीएमआय केबल. कारण विद्यापीठाची केबल ज्या सरांच्या कपाटात असते, ते शुक्रवारी हमखास रजेवर असतात. लॉ कॉलेज रोडला प्रभातच्या जुन्या आवारापाशी, म्हणजे आताच्या फिल्म इन्स्टिट्यूटपाशी, त्याची पावलं मंदावतात. "इथं ऋत्विकदा शिकवायचे." हे 'दा', म्हणजे दिग्दर्शक ऋत्विक घटक, १९७६ साली गेले, आणि हा जन्मला त्यानंतर तीसेक वर्षांनी. पण सलगी अशी, की कालच कटिंग चहा मारला असावा.

सत्यजित राय यांनी मित्रांसोबत कलकत्ता फिल्म सोसायटी काढली १९४७ साली आणि 'पथेर पांचाली' आला १९५५ साली. म्हणजे क्लब ते कलाकृती, आठ वर्षं. याची दोन झाली. उरलेल्या सहांसाठी तो एम.ए.नंतर पीएच.डी. करणार आहे.

परवा त्यानं शांताल अकरमान यांचा 'झान दीलमान' लावला. साल १९७५, लांबी ३ तास २१ मिनिटं, 'साइट अँड साउंड'च्या २०२२च्या समीक्षक-कौलात पहिला. पोस्टरवर 'चर्चा व चहा' असल्यानं तीसजण आले. चहा आधी दिला, तिथंच चुकलं. चाळीस मिनिटांचं प्रास्ताविक झालं, पडद्यावरची बाई बटाटे सोलायला बसली, आणि मंडळी एकेक करून कँटीनच्या बटाटेवड्याकडे सरकू लागली. हा दारात प्रत्येकाला अडवतोय, "अरे थांब, आत्ता कुठं सुरू होतंय!"

दिवे लागले तेव्हा सभागृहात दोघंच. हा आणि कुलूप लावायला थांबलेले शिपाईमामा.

"काही कळलं का मामा?"

"न कळायला काय झालं? बाईचं सगळं घड्याळाच्या काट्यावर. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजले, तेव्हाच म्हटलं, हिचं काहीतरी बिनसलंय."

सबटायटल पहिल्यांदाच गप्प झाला. चाळीस मिनिटांत हे एकदाही आलं नव्हतं. बटाटे बिघडले तेव्हा तो जिन्यात कुणाच्या तरी स्कूटरची किल्ली धरून उभा होता.

"मामा, पुढच्या शुक्रवारी प्रास्ताविक तुम्ही कराल?"

"करीन की. पण चहा शेवटी ठेवा."