३६ च्या रोलमध्ये ३८ फोटो

३६ च्या रोलमध्ये ३८ फोटो काढणारा माणूस आमच्या वाड्यात मोठा फोटोग्राफर समजला जाई. उजेड-सावली वगैरे नंतरचं. रोल भरताना फिल्म किती कमी वाया घालवली, यावर पत ठरे.

त्याआधी घरात अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री होता. १२ फोटो, मागे लाल खिडकी, तीत १ चा आकडा दिसला की झालं. काकांनी मस्कतहून पेंटॅक्स आणला आणि ३५ मिलिमीटरची फिल्म आमच्या नशिबी आली. तिची डबी डावीकडे बसवायची, बाहेर आलेली जीभ उजवीकडच्या रिळाच्या खाचेत खुपसायची, कडेची भोकं दातेरी चाकात अडकवायची, झाकण लावायचं. एवढ्यात जी फिल्म उजेडात येते ती पुढे सरकवायला दोन-तीन फोटो कशाचेही काढायचे. हे दोन-तीनच आमच्या जिवाला झोंबत. म्हणून मी जीभ नखाएवढीच खुपसायची, भोकं टेकल्यासारखी वाटली की झाकण बंद, अशी पद्धत काढली. तीही लुगड्यांच्या कपाटात डोकं घालून, कारण रोल सावलीत भरावा म्हणतात.

आत्याच्या मुलीच्या लग्नात फोटोग्राफर ठरवायचा विषय निघाला तेव्हा आत्या म्हणाली, "कशाला उगाच? आपला बाळ्या आहे ना!"

बाळ्या म्हणजे मी. अंतरपाट काढला, सप्तपदी काढली. कानपिळीच्या वेळी तर मेहुण्यांचा कान दुसऱ्यांदा पिळायला लावला, पहिल्यांदा त्यांचे डोळे मिटले होते म्हणून. छत्तिसावा फोटो झाला, फिल्म पुढे ओढायचा खटका अडला नाही. ३८ झाले. मी काकांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ४१ व्या फोटोला मंडपात बातमी पसरली. ४४ व्याला मीच घाबरलो.

कॅमेरा तसाच स्टुडिओत नेला. मालकांनी बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत हात घालून झाकण उघडलं, क्षणभर चाचपलं आणि म्हणाले, "फिल्म डबीतून बाहेर आलेलीच नाही."

कॅमेऱ्यातला आकडा खटक्याबरोबर पुढे सरकतो, फिल्मबरोबर नव्हे. हे मला तेव्हा कळलं. मालकांनी मग उपायही दाखवला. झाकण लावल्यावर डावीकडची रोल गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवायची, फिल्मचा ढिलेपणा निघून ती अडेपर्यंत. मग खटका ओढताना तीच कळ उलटी फिरताना दिसली, तर आत फिल्म सरकते आहे. दिसली नाही, तर लग्न लागून गेलं तरी फोटो लागलेला नाही.

आत्या पुढे वर्षभर माझ्याशी बोलली ती फक्त "मेल्या" एवढ्याच शब्दात. मेहुणे मात्र भले माणूस. त्यांचं म्हणणं एवढंच, की कान दोनदा पिळून घेतला त्याचा काही पुरावा नाही.

रोल कोराच होता, टाकून कोण देणार? तोच त्यांच्या मुलाच्या बारशाला भरला. जीभ चांगली बोटभर खुपसली, दोन फोटो भिंतीचे काढले, कळ उलटी फिरताना आत्यालाही बोलावून दाखवली.

३७ निघाले.